तीनदा नको म्हटलेला सूट

मी एक जुने जहाज आहे, मित्रांनो, पण माझा तळ आजवर एकदाही भिजलेला नाही. माझी लांबी जेमतेम चार फूट. मी सिंगापूरच्या चायनाटाउनमध्ये, एका जुन्या बाजाराच्या तिसऱ्या मजल्यावर, सहलींची तिकिटे विकणाऱ्या दुकानात राहते. खऱ्या जहाजात कुठली खोली कुठे आहे ते गिऱ्हाइकांना दाखवायचे, हे माझे काम. बावीस वर्षे मी ते केले. आता त्याचे मला विशेष काही वाटत नाही.

मला घडवले पाक जुनैद नावाच्या म्हाताऱ्या सुताराने, समोरच्या बाताम बेटावर. त्यांनी तरुणपणी मासेमारीच्या खऱ्या होड्या बांधल्या होत्या. दुकानाचे तेव्हाचे मालक केक काका यांनी त्यांना नकाशे दिले आणि बजावले, की जहाजाचा प्रत्येक मजला टेबलाच्या खणासारखा बाहेर ओढता आला पाहिजे. पाक जुनैदना हे मुळीच पटले नाही. जहाजाला खण केले तर ते पहिल्याच लाटेत बुडेल, असे ते शेवटपर्यंत पुटपुटत राहिले. तरी सात महिने खपून त्यांनी माझे नऊ मजले केले आणि खोल्याखोल्यांत बोटाच्या पेराएवढे पलंग बसवले.

मग खोल्यांना रंग दिले. आतली बिनखिडकीची खोली राखाडी, खिडकीची निळी, सज्जाची हिरवी. त्यांच्या वरच्या दर्जाचे ते सूट, म्हणजे झोपायची खोली निराळी आणि बसायची निराळी. ते पिवळे. त्यांतही लहान सूट आणि मोठा सूट. सगळ्यांत वर, अगदी माझ्या नाकाशी, एक राजेशाही सूट. त्याला मात्र सोनेरी रंग.

सुरुवातीची वर्षे फार कौतुकाची गेली. माणसे नाक लावून माझ्यात पाहत. एका निवृत्त हेडमास्तरांनी दोरा आणून पलंगापासून जेवणघरापर्यंतचे अंतर मोजले आणि ज्या खोलीला दोरा सर्वांत कमी लागला ती घेतली. एका जोडप्याचे भांडण झाले, की चहूकडे पाणी असताना सुटात आणखी न्हाणीचे टब कशाला हवे. दोन बहिणींनी हौसेने पोहण्याच्या तलावाखालचा सूट घेतला आणि परत येऊन तक्रार केली, की उजाडल्यापासून डोक्यावर खुर्च्या ओढतात. जहाजाच्या नाकाशी असलेल्या खोल्या जास्त डोलतात आणि मधल्या कमी, हे आमच्या दुकानात सगळ्यांना ठाऊक होते. सांगतही असत. पण सोनेरी रंग दिसला की गिऱ्हाइकाला ते ऐकू येत नसे.

केक काकांनंतर दुकान त्यांच्या भाचीकडे आले. तिचे नाव पुआय लेंग. वय पन्नाशीचे, चष्मा केसांत खोचायचा आणि तोच दुकानभर शोधायचा, ही तिची सवय. तिने भिंतीवर मोठा पडदा लावला. त्यात बोट फिरवले की खोली गरागरा फिरते. मला तिने कोपऱ्यात, छपाईच्या यंत्राशेजारी सरकवले. क्वचित कुणी वयस्कर माणूस आले आणि पडदा बघून त्याला गरगरले, तरच मला पुढे आणायचे.

तेओ कुटुंब आले ते गेल्या वर्षी, भुतांचा महिना संपल्यावर. चिनी पंचांगातल्या त्या महिन्यात भुते मोकळी फिरतात असे मानतात, म्हणून आमच्याकडे पाण्यावरची सहल कुणी ठरवत नाही, त्यामुळे तो संपला की दुकानात झुंबड उडते. थोरला मुलगा बून टेक याचा एसी दुरुस्तीचा धंदा. आवाज मोठा. धाकटी सू चिन दातांच्या दवाखान्यात कामाला. वडिलांच्या लांबलेल्या आजारपणात दोघांचीही लग्ने राहून गेली होती. मधल्या खुर्चीवर त्यांची आई, लाय ह्वा मावशी, मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या.

वडील जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून मावशी जेवत, झोपत, टीव्ही लावत आणि बंद करत. रडल्या नव्हत्या, हसल्याही नव्हत्या. सू चिनने दारातच पुआय लेंगला बाजूला घेऊन सांगितले होते, "ताई, खोली कुठलीही द्या. आई फक्त परत माणसात आली पाहिजे."

पुआय लेंगने माझा सहावा मजला बाहेर ओढला. "ह्या बघा तीन हिरव्या खोल्या, लागून लागून. मावशी मध्ये, तुम्ही दोघं दोन बाजूंना."

"मला कशाला एवढी खोली?" मावशी म्हणाल्या. "मी तुमच्यातच झोपेन."

आता इथे तुम्हाला आमची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडची मोठी माणसे काहीही घेताना आधी नको म्हणतात. सणाला पैसे घालून देतात ते लाल पाकीट असो, भाताचा दुसरा वाडगा असो, नको म्हणायचेच. आणि देणाऱ्याने मागे हटायचे नसते. उलट थोडे वाढवून द्यायचे असते. नको ऐकून जो थांबला तो चिक्कू ठरतो.

"झालं हिचं सुरू," बून टेक हसून म्हणाला. "ताई, लहान सूट दाखवा."

सातवा मजला निघाला. मावशींनी पिवळ्या खोलीत पाहिले.

"नको रे. एवढ्या जागेत मी एकटी काय करू? तुमच्या खोलीत खाली अंथरलं तरी चालेल मला."

"खाली! ऐकलंत ताई? उद्या लोक म्हणतील, हा दुसऱ्यांच्या घरी एसी लावतो आणि स्वतःच्या आईला जमिनीवर झोपवतो. मोठा सूट दाखवा, मोठा."

आठवा मजला निघाला. मावशींनी या वेळी माझ्याकडे पाहिलेच नाही.

"बून टेक, नको."

मी ते नको ऐकले. त्यात आर्जव नव्हते, लाज नव्हती, काहीच नव्हते. सू चिनने भावाकडे पाहिले, पण भाऊ रंगात आला होता. त्याने स्वतःच माझा नववा मजला ओढला आणि सोनेरी खोलीवर बोट ठेवले.

"हा. नंबर काय याचा? शेवटी आठ? एवढा शुभ आकडा, मग तर विचारायलाच नको!"

"तो नाकाशी आहे हं, जरा डोलतो," पुआय लेंग म्हणाली. "आणि त्यांचं जेवणघर वेगळं असतं. कार्ड असल्याशिवाय वर कुणाला सोडत नाहीत."

"बघ आई, कार्ड! राणीसारखी जेवशील."

मग त्या सुटाच्या किमतीपायी दोघांच्या हिरव्या खोल्यांवर पाणी सोडावे लागले. सू चिन म्हणाली, "दादा, आपण दोघं एकच आतली खोली घेऊ. तिसऱ्या मजल्यावरची. काय बिघडतं?"

"त्यापेक्षा तूच आईजवळ राहा ना वर."

"वा! म्हणजे आईच्या नावावर लेकीनं चैन केली, असं म्हणायला मोठ्या मामी मोकळ्या. मी नाही बाई."

"मग माझ्या खोलीत घोरायचं नाही."

"मी? अरे, तुझ्या घोरण्यानं शेजारच्यांनी भिंत ठोकली होती!"

मावशींनी तेव्हा मान वर केली आणि दोघांकडे पाहिले. तेवढ्यात बून टेक सही करायला उठला, आणि त्यांनी मान पुन्हा खाली घातली. पुआय लेंगने माझे मजले एकेक करून आत ढकलले. मला त्या वेळी गलबलून आले, असे मी सांगू शकले असते. पण खोटे कशाला सांगू? मला काहीच वाटले नाही. असले तीन-तीनदा नको ऐकून माझे कान किटले होते.

दीड महिन्याने लाय ह्वा मावशी एकट्याच दुकानात आल्या. अननसाच्या वड्यांचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला आणि त्याच खुर्चीवर बसल्या.

"कसा होता मावशी सूट?" पुआय लेंगने विचारले.

"मोठा होता."

"आणि जेवण?"

"गरम होतं."

मग त्यांनी थोडे थोडे करून सांगितले. पहिल्या दिवशी त्या मुलांबरोबर जेवायला खाली गेल्या, तर बून टेक म्हणाला, अगं आई, वर तुझ्यासाठी खास केलंय आणि तू इथे रांगेत काय उभी राहतेस? मुलांना वर जाता येत नव्हते. म्हणून त्या पाचही दिवस वर एकट्या जेवल्या. तिथला वाढपी प्रत्येक पदार्थाचे नाव सांगायचा आणि पहिला घास घेईपर्यंत शेजारी उभा राहायचा. त्याला वाईट वाटू नये म्हणून त्या सगळे संपवायच्या. बून टेक मात्र खूश होता. सुटाचे फोटो त्याने सगळ्या नातेवाइकांना पाठवले होते.

"मग आधीच नाही म्हणायचं ना मावशी!"

"तीनदा म्हटलं."

पुआय लेंगचा हात वड्यांच्या डब्यावर होता तो तिथेच राहिला. "म्हणजे ते खरं नको होतं?"

"खरं नको वेगळं कसं म्हणायचं असतं?" मावशींनी विचारले.

त्या खरोखरच विचारत होत्या. पुआय लेंगने डब्यावरचा हात काढला आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

मावशी आल्या होत्या त्या एका कामासाठी. बून टेकने आदल्याच दिवशी फोन करून पुढच्या वर्षीसाठी तोच सूट सांगून ठेवला होता. तो त्यांना रद्द करायचा होता. पण ज्याने सांगितला त्याला विचारल्याशिवाय तो कसा रद्द होणार? पुआय लेंगने बून टेकला फोन लावला आणि टेबलावर ठेवला, दोघींनाही ऐकू येईल असा.

"आई? तू तिथे काय करतेस?"

"तो सूट नको मला."

"आलं! नको आलं!" बून टेक मोठ्याने हसला. "किती वेळा म्हणशील गं? घे मुकाट्यानं, लेक देतोय."

मावशींनी पुआय लेंगकडे पाहिले. मग त्यांनी ते केले जे आमच्याकडची मोठी माणसे करत नाहीत. त्यांनी मागितले.

"मला तुमच्या खोलीत झोपायचंय."

बून टेक एकदम हळू आवाजात म्हणाला, "आई, तू रडतेयस का?"

"नाही रे. रडू येत नाही, तीच तर पंचाईत आहे. तुझे बाबा गेल्यापासून मला काही वाटतच नाही. वर बसून पाच दिवस समुद्र बघितला, तोही टीव्हीसारखाच. एक दिवस खाली तुमच्या दाराशी आले होते मी. तुम्ही दोघं आत कशावरून तरी भांडत होता, हसत होता. तिथे उभी राहून ऐकलं. तेवढं बरं वाटलं."

"अगं मग आत का नाही आलीस?"

"तू म्हणाला असतास, आई, वर जा, आराम कर."

बून टेक खरेच तसे म्हणाला असता. हे त्याला, पुआय लेंगला आणि मला, तिघांनाही एकदमच कळले.

"तिथेच थांब," तो म्हणाला.

अर्ध्या तासात तो कामाच्याच कपड्यांत आला. सरळ माझ्यासमोर गुडघे टेकून त्याने माझा तिसरा मजला ओढला. तो मजला कित्येक वर्षांत कुणी उघडला नव्हता, कारण राखाडी खोली बघायला कोण मागतो? दमट हवेने लाकूड फुगून बसले होते. त्याने जोर लावला तशी एका बाजूची पट्टी काडकन मोडली आणि माझे पलंग जमिनीवर उधळले. पुआय लेंग "अहो!" म्हणून धावली. तो मात्र टेबलाखाली रांगत ते पलंग एकेक करून वेचत होता. एवढा मोठा माणूस, आणि नाक ओढत होता.

मावशींनी वाकून एका राखाडी खोलीत बोट घातले.

"हा खालचा माझा. समोरचा सू चिनचा. वरचा तुझा, शिडी चढून."

"आई, याला खिडकी नाही गं."

"मला कुठे बाहेर बघायचंय?"

बून टेकने तिन्ही पलंग त्या खोलीत ठेवले. वरचा पलंग टिकेना. त्याने तो बोटाने दाबून धरला आणि बराच वेळ बोट काढलेच नाही. मावशींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचे डोळे कोरडेच होते, पण हात त्यांनी उचलला नाही.

तेव्हापासून माझा तिसरा मजला आत जात नाही. पडद्यावर सगळे दिसते, मग मोडके जहाज पुढे कशाला, म्हणून मला कपाटावर ठेवले आहे. तिथून मला दुकान दिसते. हल्ली कुणी वयस्कर माणूस नको म्हणाले, की पुआय लेंग लगेच वरचा मजला दाखवत नाही. केसांतला चष्मा डोळ्यांवर घेते आणि विचारते, "बरं, नको. मग काय हवं?" बहुतेक माणसे गोंधळतात. काही जण सांगतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी नको म्हणत असेल. त्यांना एवढा एक प्रश्न विचारून बघा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर जरा थांबा. आता उरले माझे. मी कपाटावर आहे, माझ्यावर धूळ आहे, आणि मला कुणी विचारायला येईल असे काही दिसत नाही. म्हणून मी नको-बिको न म्हणता सरळच सांगते. मला खाली उतरवा. माझा मोडलेला मजला बसवून द्या. आणि येता-जाता, जमेल तेव्हा, माझ्यावरून हात फिरवत जा. मला ते हवे आहे.