सहा मिनिटं जाळ, चार मिनिटं गार

साल २०२३, वैशाख अर्धा सरलेला. त्या दिवसाचं सांगतो. मी वेल्डिंगचा सेट. बोलायची सवय नाही, म्हणून थोडक्यात.

माझा पहिला मालक निपाणीचा. माझ्या पाटीवर लिहिलंय, ड्यूटी सायकल साठ टक्के. म्हणजे पूर्ण करंटवर दर दहा मिनिटांत सहा मिनिटं जोडकाम, चार मिनिटं गार होणं. मालकानं हिशेब धरला दिवसाचा. सकाळपासून दुपारपर्यंत मला सलग जाळायचा, मग संध्याकाळपर्यंत झोपू द्यायचा. मनानं चांगला माणूस. पण एका हंगामात माझं वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळालं आणि मी भंगारात गेलो.

तिथून कडोलीच्या भावकूनं मला उचललं. स्वतःच्या हातानं नवी तार गुंडाळली. आत एक लहान स्विच बसवला. फार तापलो की आपोआप बंद. तेव्हापासून सहा मिनिटं झाली की भावकू हातातला होल्डर खाली ठेवतो आणि तंबाखू मळतो. गिऱ्हाईक चिडवतं.

“अण्णा, मशीन हाय का जावई?”

“जावई रुसला तर परत येतोय. ह्यो जळला तर न्हाय.”

त्या वैशाखात गल्लीच्या पाण्याच्या टाकीचा लोखंडी पाय गंजून मोडला. टाकी खाली उतरवली, पाय जोडायचं काम भावकूकडं आलं. नळाला आठवड्यातून एकदाच पाणी, ते नेमकं त्याच संध्याकाळी येणार होतं. टाकी चढली नाही तर गल्ली कोरडी. भावकू नुकताच दवाखान्यातून आलेला. डॉक्टरांनी दमानं घ्यायला सांगितलेलं. बायको राजाबाई सावलीत बसून त्याच्यावर नजर ठेवून होती.

“जरा बसा की.”

“पाणी काय माझ्यासाठी थांबतंय व्हय?”

तंबाखूची पिशवी खिशातच राहिली. सहा मिनिटं गेली, आठ गेली. भावकूचा जोड वाकडा पडू लागला. मी तापलो होतो, तरी अजून थोडी धग सोसली असती. सोसली नाही. मीच स्विच पाडला, जाळ विझला.

मला एक शिवी हासडून भावकू मटकन खाली बसला. तोंड पांढरंफटक. राजाबाईनं गूळपाणी पाजलं, पदरानं वारा घातला.

“माझं ऐकून बसला नसतासा. मशीनचं बरं ऐकलासा.”

मी गार होईपर्यंत त्याच्या तोंडावर रंग आला. मग दोघंही थांबत थांबत कामाला लागलो. दिवस मावळायच्या आत टाकी चढली. आत पाण्याची धार पडल्याचा आवाज आला.

भंगारातून त्यानं मला उठवलं होतं. मी त्याला बसवलं. फिटलं.