मलावीपर्यंत गेलेला आवाज

माझी बायको हळू बोलायला लागली, तेव्हा मला तिच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली.

संयोगिता शाहूवाडीकडची. तिच्या माहेरी भाताची खाचरं ओढ्याच्या एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला. बापाला जेवायला हाक मारायची तर ती ओढा ओलांडून पोचली पाहिजे, हे तिचं लहानपणापासूनचं वळण. पुढं ती नर्स झाली, नर्सिंग कॉलेजात बाळंतपणाचा विषय शिकवायला लागली, लग्न होऊन आमच्या शिवाजी पेठेत आली. पण आवाज ओढ्यापलीकडचाच राहिला. पेठेत तरी कोण हळू बोलतंय म्हणा. मी तालमीच्या टीमकडून फुटबॉल खेळलेला माणूस, मैदानावर बोंबलण्यात आयुष्य गेलं. तरी घरात माझा आवाज कधी निघाला नाही.

ती रिटायर झाली आणि चांगलं स्थळ सांगून यावं तसं एक काम चालून आलं. आपला देश आणि आफ्रिकेतले काही देश मिळून एक अभ्यासक्रम चालवत होते. तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या नर्सना इथल्या जुन्या शिक्षिकांनी व्हिडिओवरून शिकवायचं, आणि अडल्यानडल्या वेळी फोनवर सल्लाही द्यायचा. हिच्या वाट्याला मलावी आला. मी नकाशात बघितलं, तर एका लांबलचक तळ्याला चिकटून बसलेला चिंचोळा देश.

आता आमच्याकडं फोनचा एक साधा हिशोब आहे. माणूस जितका लांब, तितका आवाज मोठा. गारगोटीच्या बहिणीशी बोलताना हिचा आवाज कोपऱ्यावरच्या केरबाच्या इस्त्रीच्या दुकानापर्यंत जातो. मलावी तर समुद्रापलीकडं! वरच्या खोलीत तास सुरू झाला की खाली मला टीव्ही बंद करावा लागायचा.

शिकवायची मात्र झकास. इंग्रजीत सुरू करायची, आणि चिडली किंवा खूश झाली की मराठीवर घसरायची. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर काय करायचं, हा तिचा हातखंडा विषय. एका ताटात कणकेचा गोळा आणि शेजारी नारळ घेऊन ती कॅमेऱ्यापुढं बसली. पोटावरून गर्भाशय चोळायचं. हाताला कणकेसारखं मऊ लागलं तर धोका, नारळासारखं कडक झालं तर बाई वाचली. 'नारळ' हा शब्द तिनं तिकडच्या सगळ्या पोरींकडून म्हणवून घेतला. त्या हसत हसत म्हणायच्या आणि ही इकडं फुलून जायची.

त्यातली तमांडा हिची लाडकी. तळ्याकाठच्या एका आरोग्य केंद्रात बाळंतपणं करणारी ती एकटीच नर्स. मोठं हॉस्पिटल लांब आणि पावसात रस्ता वाहून जाणारा. पोरगी हुशार, पण बोलणं इतकं मऊ की ऐकायला कान टवकारावे लागायचे. एके दिवशी तिनं सरावाच्या बाहुलीचं पोट चोळून दाखवलं, आणि हिचा संयम संपला.

"अगं ए बये! कुरवाळतीयास काय तिला? तवर बाई मरंल की तितं! जोर लाव, जोर!"

आमच्यात याला माया म्हणतात. ज्याच्याकडून काही व्हायचं नाही, त्याच्याशी ही गोड बोलते. पण ते तमांडाला कोण सांगणार? तिनं मान खाली घातली, हळूच काहीतरी पुटपुटली, आणि पुढच्या तासाला पडद्यावर तिची चौकट काळीच राहिली.

त्याच्या पुढच्या तासालाही तेच झालं. मग तिकडचे व्यवस्थापक फिरीसाहेब बोलले. फार सभ्य माणूस, चार वेळा माफी मागून मग मुद्द्यावर आले. "मॅडम, आमच्याकडं वडीलधाऱ्यांनी चारचौघांत असा आवाज चढवला, म्हणजे त्यांनी त्या माणसाची आशा सोडली असं समजतात. तमांडा म्हणते, मी या कामाच्या लायकीची नाही. ती नोकरी सोडायचं म्हणते आहे. ती गेली तर त्या केंद्रात बाळंतपणाला कोणीच उरणार नाही."

त्या दिवशी संयोगिता जेवली नाही. "माझ्या हातनं एक चांगली पोर गेली वो," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. तिनं तमांडाला निरोप पाठवले, फोन केले. उत्तर नाही. मला फार वाईट वाटलं. हिच्या हाताखालून निघालेल्या पोरी जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात भेटल्या की अजून वाकून पाया पडतात. त्या सगळ्यांनी हिच्या शिव्या खाल्ल्यात.

मग तो हळू आवाज सुरू झाला. ती माझ्यावर सराव करायची. "अहो, चहा घेता ना?" असं कानाशी कुजबुजल्यावर मी दचकून विचारलं, "काय झालं? कोण गेलं?" तासही तसाच, देवळात पोथी वाचल्यासारखा. केरबानं मला वाटेत अडवलं. "दादा, वैनी माहेरी गेल्यात का काय? आवाज न्हाय." मी म्हटलं, घरातच आहे बाबा, पण असून नसल्यासारखी. घर खायला उठलं होतं, अगदी खरं सांगतो.

रविवार होता. आमच्या टीमची मॅच होती आणि मी बुटाची नाडी बांधत होतो. चहाची वेळ, तिकडं दुपार. तेवढ्यात हिचा फोन वाजला आणि पडद्यावर तमांडाचं नाव आलं.

हिनं घाईघाईनं फोन घेतला. चित्र हलत होतं, तमांडाचा चेहरा घामानं भिजला होता. मूल झालं होतं, मूल रडतही होतं, पण बाईचं रक्त थांबत नव्हतं. फिरीसाहेब फोन उचलत नव्हते आणि रस्ता पाण्याखाली होता. ती सांगत असतानाच चित्र गेलं. उरला फक्त आवाज, आणि त्याच्यामागं पत्र्यावर कोसळणारा पाऊस.

संयोगितानं एक श्वास घेतला आणि कमावलेल्या त्या मऊ आवाजात म्हणाली, "बेटा, घाबरू नको. इंजेक्शन दिलंस का?"

"मॅडम, ऐकू येत नाही!"

ही थोडी मोठ्यानं बोलली. तरीही पावसानं सगळं गिळलं. ओरडावं तर पोरगी पुन्हा मिटून जाईल, न ओरडावं तर तिकडं बाई जाते. आणि तेवढ्यात तिकडूनच तमांडा ओरडली. त्या मऊ पोरीच्या गळ्यात एवढा आवाज असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

"ओरडा, मॅडम! त्या दिवशी ओरडला होता तशा ओरडा!"

मग काय विचारता. संयोगिता उठून उभी राहिली, पदर खोचला, आणि ओढा ओलांडणारी हाक मारली.

"इंजेक्शन?"

"दिलं!"

"वार पुरी पडली?"

"पुरी!"

"लघवी काढलीस का नळी घालून?"

"नाही!" तेच राहिलं होतं. मूत्राशय भरलेलं असलं की गर्भाशय आवळत नाही, हे मला एव्हाना घरबसल्या पाठ झालं होतं.

"काढ आधी! आणि मग दाब! दोनी हातांनी दाब, बये! जोर लाव! सोडू नकोस, मी हाय हितं!"

शब्द अर्धे इंग्रजी, अर्धे मराठी. कोपऱ्यावरचा केरबा हातातली इस्त्री तशीच घेऊन रस्त्यावर आला. समोरच्या गॅलऱ्या भरल्या. शिवाजी पेठ कधी गप्प बसत नाही, ती त्या दिवशी गप्प बसली. ही मात्र थांबेना. "दाब! दाब की!" तिचा घसा फाटत आला होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी एका पायात बूट घालून देवाचं नाव घेत उभा होतो.

पलीकडून नुसता पाऊस. मग बाळाचं रडणं. मग पुन्हा पाऊस.

आणि मग तमांडाचा आवाज, दमलेला, पण स्वच्छ.

"नारळ, मॅडम! नारळ!"

संयोगिता खुर्चीत बसली ती कोसळल्यासारखीच. मी खिडकीतून ओरडलो, "वाचली! बाई वाचली!" कोण बाई, कुठली बाई, कुणाला काही माहीत नव्हतं, पण गोल झाल्यावर उठतो तसा आरडाओरडा उठला. तो मलावीतही ऐकू गेला असणार, कारण तमांडानं घाबरून विचारलं, "मॅडम, तिथं सगळे माझ्यावर रागावलेत का?"

"न्हाय गं माझे बाय," ही रडत रडत म्हणाली. "आमच्यात खूश झाले की असंच करतात."

मग इंग्रजीत तेच पुन्हा नीट सांगितलं. तमांडा म्हणाली, "पुढच्या तासाला मी येते."

मॅच अर्थातच चुकली. संयोगिता डोळे पुसून आत गेली, भांडी वाजली, आणि स्वयंपाकघरातून हाक आली.

"अवो! च्या झालाय! येताय का वतू मोरीत?"

समोरच्या गॅलरीतली कबुतरं भुर्रकन उडाली. माझ्या जिवात जीव आला. मी दुसरा बूट शोधण्याच्या भानगडीत न पडता, एकाच पायात बूट घालून, चहा प्यायला पळालो.