रोज भेटणारी मावशी

पाळणाघरातल्या काकूंचा फोन आला, तेव्हा चिमणीची आई पार्लरमध्ये एका गिऱ्हाईक बाईचे केस कापत होती. अर्धे झाले होते.

"चिमणीचा डबा इथंच राहिलाय हो," काकू म्हणाल्या. "तुमच्या ताई घाईघाईत घेऊन गेल्या ना तिला."

"कुठल्या ताई?"

"तुमच्या मोठ्या ताई."

तिला बहीणच नव्हती. हातातली कात्री खाली पडली.

काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. "अहो, त्यांना सगळं माहीत होतं! काल चिमणीचा गुडघा फुटला ते, ती उशीला 'बाळी' म्हणते ते, तुम्ही म्हणता ते झोपेचं गाणंसुद्धा. गाणं ऐकल्याबरोबर पोरगी पळत जाऊन बिलगली त्यांना. मला वाटलं..."

पुढचं तिला ऐकूच आलं नाही. गाणं तिनं स्वतःच रचलेलं होतं. ते घरातल्या तिघांखेरीज कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की ते हजारो लोकांना ठाऊक होतं.

चिमणी उठली की व्हिडिओ, जेवली की व्हिडिओ, रुसली की व्हिडिओ. ती ते रोज इंटरनेटवर टाकायची. लोकांना आवडायचं, तिलाही छान वाटायचं. "सगळ्या जगाला कशाला दाखवतेस?" असं नवरा एकदोनदा म्हणाला, तर तिनं त्याला उडवून लावलं होतं. पाळणाघराचं फाटकही दाखवून झालं होतं.

तिनं नवऱ्याला फोन लावला. तो लिफ्ट दुरुस्त करायला गेलेला, फोन लागेना. खुर्चीतली बाई गळ्यातला कपडा ओढून काढत म्हणाली, "पोलिसांना मी कळवते. तुम्ही आठवा, कुणी ओळखीचं?"

तिनं कालचा व्हिडिओ उघडला. त्यात ती हसत म्हणत होती, "चिमणीला लाल सँडल हव्यात, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या. पण आईला वेळ कुठाय!" खाली शेकडो बदाम, आणि मध्येच एक ओळ : 'तू दमतेस गं. मी घेऊन देते.'

ती धावत सुटली. मागोमाग ती गिऱ्हाईक बाई, एका बाजूचे केस खांद्यापर्यंत नि दुसऱ्या बाजूचे कानापर्यंत. लोक वळून बघत होते, पण दोघींनाही त्याचं भान नव्हतं. दुकानात नसेल तर? या विचारापुढे तिचं डोकं चालतच नव्हतं.

चिमणी दुकानातल्या स्टुलावर बसली होती. गुडघे टेकून एक बाई तिच्या सँडलचा पट्टा लावत होती. पिकू लागलेले केस, दोरीला अडकवलेला चष्मा. कुणाचीही मावशी शोभावी अशी.

तिनं झडप घालून लेकीला उचललं.

"आलीस?" बाई आनंदानं म्हणाली. "बघ, अगदी मापाच्या आहेत."

"कोण तुम्ही? माझ्या मुलीला हात कसा लावलात?"

बाईचा चेहरा पडला. "असं काय करतेस गं? रोज सकाळी तुमच्याबरोबरच चहा घेते मी. तू 'गुड मॉर्निंग' म्हणतेस, मी उत्तर देते. तूच म्हणालीस ना, वेळ नाही म्हणून?"

बाई खोटं बोलत नव्हती. त्यानंच अंगावर काटा आला. समोर कुणी बदमाश असता, तर दोन शिव्या तरी हासडता आल्या असत्या.

पोलीस आले. बाई एकटी राहत होती, दिवसभर फोन घेऊन बसायची. तिच्या भावानं येऊन हात जोडले. जाताना ती हुंदके देत विचारत होती, "पण मी केलं काय?"

त्याच संध्याकाळी तिनं आणि नवऱ्यानं सगळे व्हिडिओ पुसून टाकले. नंतर कळलं, अनोळखी लोकांनी त्यातले कितीतरी आधीच उचलून आपापल्या पानांवर लावले होते. ते कुणाकुणाला सांगून काढायचे?

पाळणाघर बदललं. चिमणी मात्र अधूनमधून विचारायची, "आई, मावशी कधी येणार?" काय सांगायचं? वाईट होती म्हणायचं, की आपली नव्हती म्हणायचं?

परवा बसथांब्यावर एक म्हातारे गृहस्थ चिमणीकडे बघून हसले. चिमणीही हसली, हात हलवला. व्हिडिओतली चिमणी ओळखून ते हसले, की नुसतं लहान मूल दिसलं म्हणून, हे कळायला काही मार्ग नव्हता. बस समोर येऊन उभी राहिली, तरी ती लेकीचा हात धरून उलट्या दिशेनं भराभरा चालू लागली.

"आई, हळू ना," चिमणी म्हणाली. "हात दुखतोय."