सुईचा तिसरा तुकडा

आमच्या कारखान्यात सुई तुटली की मशीन बंद करून हात वर करायचा. मग तुकडे शोधायचे, अगदी टोकासकट सगळे. ते कागदावर चिकटपट्टीने लावायचे, जुळवून पूर्ण सुई होते का बघायचं आणि छापील अर्ज भरायचा. तो दिला की काउंटरवरचे काका नवी सुई देतात. एक तुकडा कमी असला तर नाही देत, कितीही गोड बोला. आम्ही लहान मुलांचे कपडे शिवतो.

घरी अर्ज नसतो. आज सोमवार, संध्याकाळ. आता भरतेय.

तारीख आणि वेळ:
काल. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर.

मशीन चालवणाऱ्याचं नाव:
मुंगीच्या बाबांची दुसरी बायको. लग्नाला आठ महिने झाले. मुंगी सहा वर्षांची आहे. साखरेचा डबा कुठेही लपवा, ही तिथे हजर, म्हणून मुंगी. मला काय म्हणायचं हे तिला कोणी सांगितलं नाही. तिचे बाबा मला ‘अगं’ म्हणतात, तर तीही ‘अगं’ म्हणते.

कपड्याचा प्रकार:
फ्रॉक. पिवळा, सुती, बिनबाह्यांचा. कंबरेला चुण्या, मागे दोन बटणं. अगदी साधा. पण मी नऊ वर्षं फक्त खिसे लावतेय. दिवसाला शेकडो खिसे, आणि अख्खा फ्रॉक एकही नाही.

सुई तुटण्याचं कारण:
~~कापड जाड होतं.~~
~~सुई जुनी होती.~~
आज, सोमवारी, मुंगीच्या वर्गाचा फोटो होता. तिच्या आजीने, म्हणजे तिच्या आईच्या आईने, त्यासाठी दुकानातून झालरींचा फ्रॉक आणून कपाटात लटकवला होता. मला फोटोत माझा हवा होता.

“अगं, तयार फ्रॉक आहे ना घरात,” मुंगीचे बाबा म्हणाले. “कशाला जिवाचा आटापिटा?”

“हातचा तो हातचा.”

“ते दिसतंय. एक बाजू खाली आलीय.”

“अंगात गेला की होतो सरळ.”

“अगं,” मुंगी म्हणाली, “म्हणजे मी वाकडी आहे?”

तिघंही हसलो. त्या घरात तिघं मिळून हसलो, असं पहिल्यांदाच. मी हवेत होते. कुशीच्या शिवणीवर चुण्या आल्या की कापडाचे चार-पाच थर होतात, तिथे चाक हाताने फिरवायचं असतं. मी कापड ओढलं. कट्.

सापडलेले तुकडे:
दोन. एक मशीनमध्येच अडकलेला, एक मांडीवर. टोक नाही.

शोध किती वेळ घेतला:
फ्रॉक तीनदा झटकला. चुण्यांवरून बोटं फिरवली. फरशी झाडली. लिहायला एवढंच आहे. कारखान्यात आम्ही तासभर शोधतो, लोहचुंबक फिरवतो, शिवण उसवतो. उसवली असती तर चुण्या पुन्हा घालाव्या लागल्या असत्या, आणि मला त्या एकदाच नीट जमल्या होत्या.

नवी सुई कोणी दिली:
मीच. खणात पाकीट होतं.

फ्रॉक कोणी तपासला:
मुंगीने. आज सकाळी घालून तिने गिरकी घेतली आणि थांबली. कंबरेशी हात नेला.

“अगं, टोचतंय.”

मी बटणं लावत होते. माझे हात थांबलेसुद्धा नाहीत. “नवं कापड आहे. नवं कापड टोचतंच. जास्त हलू नकोस, मग नाही टोचणार.”

पुन्हा वाचलं. असंच म्हणाले होते.

इन्चार्जची सही:
इन्चार्जबाईंना आम्ही फुटपट्टी म्हणतो. सव्वादहाला शेजारच्या मशीनवर सुई तुटली. लाइन थांबली. सगळ्या जणी खाली वाकून शोधू लागलो. सापडेना. फुटपट्टी म्हणाली, “शोधा. कुणाच्या तरी पोराच्या अंगात जाणारे ते.”

मी उठले. “बाई, मला जायचंय.”

“आत्ता? तब्येत?”

“नाही. एक तुकडा राहिलाय.”

तिला काय समजलं कोण जाणे. “पळ,” म्हणाली.

इथून पुढचं लिहायला अर्जात रकाना नाही.

शाळेत पोचले तेव्हा फोटो होऊन गेला होता. मुंगी वर्गात ताठ बसली होती, हात अंगापासून लांब धरून. तिच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, “फोटोवाले म्हणत होते, सगळ्यात शहाणी मुलगी. जराही हलली नाही.”

मी तिला हात धुवायच्या खोलीत नेलं आणि फ्रॉक काढला. डाव्या कुशीवर शमीजला रक्ताचे चार ठिपके. खाली ओरखडा, बोटभर. चुण्यांमध्ये टोक आडवं बसलं होतं, एवढंसं. तिने श्वास घेतला की ते आत जात होतं आणि तिने श्वास कमी केला होता.

“मी सकाळी खोटं बोलले,” मी म्हणाले. “कापड टोचत नव्हतं. सुई तुटली होती. मला माहीत होतं.”

“माहीत होतं?”

“हो.”

ती टोकाकडे बघत राहिली. मग तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. “आजीला मी नाही सांगणार. विचारलं तर सांगीन, पडले.”

रक्त बघून जे झालं नाही, ते माझं तेव्हा झालं. खोटं कसं बोलायचं हे तिला सकाळी कोणी शिकवलं होतं? आणि ते ती मलाच वाचवायला वापरत होती.

“पडले असं सांगायचं नाही. तू काहीच सांगायचं नाहीस. मी सांगणार.”

“ती तुला रागावेल.”

“रागावू दे.”

“मग मला घेऊन जाईल तिच्याकडे.”

हे मला सुचलंच नव्हतं. तिला सुचलं होतं. मी तिला माझी ओढणी गुंडाळली, ऑफिसात जखम धुऊन घेतली आणि तिथल्याच फोनवरून तिच्या आजीचा नंबर फिरवला. मुंगी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, माझ्या तोंडाकडे बघत.

“मावशी, मी बोलतेय. मुंगीला लागलंय. माझ्यामुळे.”

मी सगळं सांगितलं. ‘नवं कापड’ हेसुद्धा. मग त्या म्हणाल्या, “येतेय मी,” आणि फोन ठेवला.

“काय म्हणाली?” मुंगीने विचारलं.

“येतेय म्हणाली.”

“न्यायला?”

“माहीत नाही,” मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

ती थोडी सरकली. खुर्चीवर अर्धी जागा झाली. मी उभीच राहिले.