थांबायचं का, ते विचारून ठेव

धम्मप्रियाला जर्मनीतल्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, तेव्हा चाकूरचा प्रीतमदादा सुट्टीवर गावी आला होता. तिकडे बरीच वर्षं काढलेला माणूस. मुद्दाम नांदेडला येऊन त्याने तिला सगळं समजावलं. कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको. कोट तिकडंच घे, इथला तिकडच्या थंडीत कामाचा नाही. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच भाजी आणून ठेव. हिवाळ्यात दुपारीच अंधारून येतं, तेव्हा खोलीत एकटी बसून राहू नको.

तिचे वडील ग्यानोबा रेल्वेतून रिटायर झालेले. बाजेवर बसून ऐकत होते. आई कधीच गेली होती. घरात ते आणि धाकटा नागसेन.

निघताना प्रीतमदादा दारात हळूच म्हणाला, "एक राहिलं. घरी कुनाला काही झालं, तर तुझ्यासाठी थांबायचं का, ते आताच विचारून ठेव."

"असं कसं विचारू, दादा?"

"माझी आई गेली तवा माझ्यासाठी दोन दिवस बर्फावर ठेवली. मी पोचलो. पन ते तोंड माझ्या आईचं न्हवतं गं. आता आई आठवली की तेच पुढं येतं."

धम्मप्रियाने विचारलं नाही. वडिलांजवळ जाऊन बसायची आणि चहा करू का म्हणत उठायची.

स्टेशनावर हैदराबादची गाडी लागली, तेव्हा ग्यानोबाच बोलले. "मी ऐकलं होतं प्रीतमचं. मला काही झालं तर थांबू नको, म्हनून सांगितलंय नागसेनला. तू मला आज बघून घे. दाढी करून आलोय."

"बाबा, गप बसा," ती रडतच म्हणाली.

फेब्रुवारीत ती ड्युटीवरून खोलीवर आली आणि नागसेनचा फोन आला. बाबांना हार्ट अटॅक आला होता. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

"ताई, बाबा थांबू नको म्हनले होते. पन तू म्हन, मी थांबवतो. कुनाचं ऐकत न्हाई."

तिला जायचं होतं. एकदा पायांवर डोकं ठेवायचं होतं. पलीकडे बायांचं रडणं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "थांबू नको. उचला."

बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा नागसेनने व्हिडिओ लावला.

"तोंड दाखवू नको रे," ती म्हणाली.

त्याने फोन जमलेल्या माणसांकडे फिरवला. ती हात जोडून सगळ्यांबरोबर म्हणू लागली.

माणसं पांगल्यावर तिने पुन्हा फोन केला.

"जेवलास?"

"न्हाई."

"घरात कोन हाय?"

"मीच हाय. काकू येते म्हनली व्हती, मीच नको म्हनलो."

"फोन चालू ठेव," धम्मप्रिया म्हणाली. "बोलू नको काही. नुसता चालू ठेव."

मग नागसेन मोठ्याने रडला, आणि तिने त्याला रडू दिलं.