उरलेले चार एकर

आमच्या कार्यालयाचं काम एका वाक्यात मावतं. पेरणीआधीच सांगायचं, की यंदा शेतकरी किती जमीन मक्याला देतील, किती सोयाबीनला आणि किती कापसाला. मागचे भाव, बियाण्याची विक्री, जमिनीतली ओल, सगळं गणितात घालायचं. शिवाय संगणकाने निवडलेल्या शेतकऱ्यांना फोन करून विचारायचं. माझा अंदाज दोन टक्क्यांच्या वर कधी चुकलेला नाही. म्हणून साहेब मला ‘ज्योतिषी’ म्हणतात. डबा खायला मात्र ज्योतिषाला कुणी बोलवत नाही. माझ्याशी दिवसभर बोलतात ते अनोळखी शेतकरी, तेही छापील सहा प्रश्नांपुरते.

यंदाच्या यादीत एकशे बारावा नंबर दादाचा निघाला.

नात्यातला नंबर आला तर तो दुसऱ्याकडे द्यायचा, असा नियम आहे. मी दिला नाही. वडील गेल्यावर वाटणीवरून आमचं वाजलं, ‘तुझं तू बघ’ म्हणून मी तडक निघून आलो, त्याला अकरा वर्षं झाली. दादा आपल्याशी बोलेल का, एवढंच मला बघायचं होतं, आणि तेवढंही सरळ विचारायची छाती नव्हती. म्हणून छापील कागद पुढे ओढला आणि आवाज घोगरा करून फोन लावला.

“नमस्कार, पीक अंदाज कार्यालयातून बोलतोय. आपली एकूण जमीन किती?”

“आठ एकर, साहेब.”

दादाच्या वाट्याला चारच आले होते. माझे चार त्याने घशात घातले, या विचाराने माझं डोकं तापलं. पण कागद सोडता येत नव्हता.

“यंदा काय काय पेरणार?”

“दोन एकर मका, दोन एकर सोयाबीन.”

“आणि उरलेले चार?”

“पडीक.”

पडीक म्हटलं की कारण विचारावं लागतं. चौकटी चार आहेत: पाणी नाही, मजूर नाही, भाव नाही, इतर.

“कारण?”

“ते धाकट्याचे आहेत. दरवर्षी नांगरून ठेवतो. काय पेरायचं ते त्याने सांगायचं, म्हणून थांबतो.” दादा खाकरला. “अकरा वर्षं झाली. इतर लिहा, साहेब.”

मी पेन खाली ठेवलं. एवढा मोठा मुलूख मी दरसाल अचूक मोजत होतो, आणि त्यातले हे चार एकर माझ्यामुळे रिकामे पडले होते. मला स्वतःची शरम वाटली.

“सर्दी झालीय का रे?” दादा म्हणाला. “आवाज घोगरा येतोय.”

“दादा...”

“थांब. एक प्रश्न माझा. यंदा तू काय पेरणार?”

अकरा वर्षं मी हाच प्रश्न रोज लोकांना विचारत आलो. मला तो कुणीच विचारला नव्हता. भाव, बियाणं, ओल, सगळं समोर मांडलेलं होतं, ते मी बाजूला सारलं.

“सांगतो,” मी म्हणालो, “पण तू फोन ठेवू नकोस.”