वाढत्या अंगाची पँट

मित्रांनो, मी एक जुनी, निळी, रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जायची पँट आहे. गिरीज गावच्या शिंप्याने मला शिवलं तेव्हा केल्विन तेरा वर्षांचा होता. "वाढत्या अंगाचा आहे, आत भरपूर दुमड ठेवा," त्याची आई कॅथरीन म्हणाली. शिंप्याने चार बोटं ठेवली. केल्विनच्या अंगाने मात्र वर्षभर त्या दुमडीची दखलच घेतली नाही.

तशात त्याच्या मोठ्या बहिणीचं, ज्युलीचं लग्न ठरलं. चर्चमध्ये नवरीच्या मागे केल्विनने टिफनीच्या जोडीने चालायचं होतं. टिफनी त्याच्याच वर्गातली, पण डोकंभर उंच. "फोटोत दिसशील ना रे?" तिने विचारलं.

केल्विन वाडीत जाऊन विचार करू लागला. मांडवाला पडवळं लोंबत होती. सरळ, लांब वाढावीत म्हणून आईने त्यांच्या टोकांना दगड बांधले होते. झालं! रविवारी मिस्सेहून येताच हा पठ्ठ्या दोन्ही पायांना, म्हणजे मलाही, दगड बांधून आंब्याला लटकला. मी ताणली गेले. तो नाही.

तेवढ्यात शाळेत पी.टी. शिकवणारी मर्लिन आंटी आली. "उतर आधी! तुझी भाजी करायचीय का?"

"आंटी, उंचीच वाढत नाही."

"फांदीवर कशी वाढेल? वाढीचं हार्मोन अंगातच तयार होतं. दमेपर्यंत खेळलास की ते सुटतं, आणि गाढ झोपेत त्याहून जास्त. आई सांगते, तू तर रात्रभर मोबाइलवर उंची वाढवायचे व्हिडिओ बघतोस!"

"मग टिफनीएवढा होईन?"

"ते तुझ्या अंगाला विचार. ज्याची त्याची वेळ असते."

दुसऱ्या दिवसापासून केल्विन फुटबॉल खेळू लागला, दुप्पट जेवू लागला आणि जेवता जेवताच पेंगू लागला. काही महिन्यांनी आईने माझी दुमड थोडी उसवली. नाताळात आणखी उसवली. लग्नाच्या सकाळी दुमड संपलेली आणि घोटे उघडे! "अरे देवा, निदान मोजे तरी बरे घाल," कॅथरीन हसत हसत डोळे पुसत म्हणाली.

टिफनीही वर्षभर बसून राहिली नव्हती. ती अजून दोन बोटं उंचच होती. पण चर्चनंतर लग्नाच्या मांडवात बँड सुरू झाला, धिप्पाड काका दमून खुर्च्या शोधू लागले, तरी केल्विन नाचतच होता. "थांब रे, श्वास तरी घेऊ दे!" टिफनी म्हणाली. श्वास घेतला आणि तिनेच त्याला पुन्हा ओढत नेलं. उंची मोजायचं दोघांनाही सुचलं नाही.

त्या नाचात मी गुडघ्यावर फाटले. मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही; कापून हाफपँट करा आणि मैदानावर न्या. विनंती एकच. पोर वाढतंय का, हे रोज मोजू नका. त्याला दमू द्या, जेवू द्या, झोपू द्या. बाकीचं काम अंग अंधारात, कुणालाही न सांगता करतं.